'ऐरण'चे सहाशे पत्ते

सृष्टी बोपोडीतल्या त्या इमारतीचे दोन मजले चढून आली, तेव्हा नंदाबाई ओव्हाळ वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मुलगा सौरभ आणि सून अक्षता दोघंही कामावर गेलेले. दार उघडंच होतं.

"आपण नंदाबाई ना? 'ऐरण'मधल्या?"

"होते एके काळी. चप्पल बाहेर काढ आणि ये आत. मेथी निवडता येते का?"

सृष्टी चंद्रपूरची. पुण्याला पीएच.डी. करायला येऊन तिला तीन वर्षं झाली होती आणि या शहरात कुणी आल्या आल्या तिच्यापुढे मेथीची जुडी सरकवली नव्हती. ती मांडी घालून बसली आणि मेथी निवडता निवडता कामाचं सांगू लागली.

'ऐरण' हे आठ पानांचं साप्ताहिक. १९६९ साली बुधवार पेठेतल्या एका बोळात, पुस्तकांच्या दुकानांच्या मागे ते सुरू झालं आणि १९९० साली बंद पडलं. संप, टाळेबंदी, भूमिहीनांचे मोर्चे, लाठीमार, हे त्याचे विषय. भाषा कडक. उजव्यांना ते परकं वाटायचं आणि डाव्यांना घरातलं, म्हणजे जास्त त्रासदायक. कारण चुकलं तर आपल्या माणसालाही ते सोडत नसे. संपादक अनंतराव मेहेंदळे, म्हणजे अण्णा, कॉलेजातली नोकरी सोडून यात पडले होते. सृष्टीचा प्रबंध याच साप्ताहिकावर होता. अडचण अशी होती की एकवीस वर्षांत नऊशे अठ्ठेचाळीस अंक निघाले आणि सगळ्या ग्रंथालयांत मिळून तिला पाचशे अकराच सापडले.

"दहाव्या वर्धापनदिनाच्या अंकात शेवटच्या पानावर एक ओळ आहे," ती म्हणाली. "'पत्ते लिहिणाऱ्या नंदाबाईंचे आभार.' तुमच्या जुन्या कंपोझिटरांनी सांगितलं की तुम्ही नंतर पुस्तकांच्या दुकानात लागलात. दुकानातून तुमचा नंबर मिळाला."

"अण्णांबद्दल विचारणार असशील. सगळे तेच विचारायला येतात."

"नाही. मला हरवलेले अंक हवेत."

नंदाबाईंनी हातातली काडी बाजूला ठेवली. "अंक माझ्याकडे एकही नाही. पण ते कुणाकुणाला पाठवले, ते सांगू शकेन."

"यादी आहे तुमच्याकडे?"

"कागदावर नाही."

हे समजायला मागं जावं लागेल.

नंदाबाईंचे वडील खडकीच्या कारखान्यात हमाली करायचे. घराण्यानं छप्पन्न साली धम्म स्वीकारला, तेव्हा दोन वर्षांचीच असलेली नंदा शाळेत जाणार हे ठरूनच गेलं. अक्षर सुंदर, गणित बरं, इंग्रजी मात्र मॅट्रिकला दोनदा आडवं आलं. वडील 'ऐरण' घ्यायचे. एक दिवस ते मुलीला घेऊन बुधवार पेठेतल्या कार्यालयात गेले आणि अण्णांना म्हणाले, हिचं अक्षर बघा. अण्णांनी एक पोस्टकार्ड पुढं केलं. तिनं त्यावर अण्णांचाच पत्ता लिहिला. अण्णा म्हणाले, "माझं घर एवढं नीटनेटकं कधीच दिसलं नव्हतं." आणि ती कामाला लागली. साल १९७२, वय अठरा.

गुरुवारी दुपारी छापखान्यातून ओले अंक वर यायचे. नंदा त्यांच्या घड्या घालायची, प्रत्येकाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खळीनं चिकटवायची आणि पट्टीवर पत्ता लिहायची. शुक्रवारी सकाळी सगळे गठ्ठे पोस्टात. वर्गणीदारांची एक जाड वही होती. नवीन नाव आलं की तिच्यात चढायचं, कुणी गेलं की त्यावर रेघ यायची. पण वर्षभरात तिला वही उघडायची गरज पडेनाशी झाली. गठ्ठे रेल्वेच्या आणि एस.टी.च्या वाटेनं बांधावे लागत, त्यामुळे नावंही तिच्या डोक्यात त्याच वाटेनं बसली. लोणावळ्याची लाइन म्हटलं की खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, आणि प्रत्येक स्टेशनावर तिथली माणसं ओळीनं उभी. सोलापूरची वाट वेगळी, साताऱ्याची वेगळी.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. चौथ्या दिवशी अण्णांना पकडलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती जाड वही नंदाच्या पिशवीत टाकली होती. "ही माझ्याकडे सापडली तर सहाशे घरांच्या दारांवर थापा पडतील. तुझ्याकडे कोण येणार?"

नंदानं वही घरी आणली. रात्र तिनं तळमळत काढली आणि सकाळी अंघोळीचा बंब पेटवताना वहीचं एकेक पान त्यात घातलं. आई म्हणाली, आज पाणी लवकर तापलं. तीन दिवसांनी साध्या कपड्यांतले दोन पोलीस खरोखरच आले. वर्गणीदारांची वही कुठं आहे, असं त्यांनी विचारलं.

"मी घड्या घालते साहेब," नंदा म्हणाली. "वहीचं मोठ्या लोकांना माहीत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं आणि ते निघून गेले. त्यांना पटलं होतं. या गोष्टीचा राग आणि आनंद नंदाबाईंना आजही एकदमच येतो.

अंक बंद होता. नंदा बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. पट्ट्यावरून पुडे पुढे सरकत, हात चालत, आणि मनातल्या मनात ती पत्ते म्हणत राही. सोमवारी लोणावळा, मंगळवारी सातारा, बुधवारी सोलापूर. विसरायला होईल या भीतीनं तिनं एकही दिवस चुकवला नाही. सत्याहत्तरच्या सुरुवातीला अण्णा सुटून आले, निम्मे झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वही?"

"जाळली."

अण्णा खुर्चीवर टेकले.

"तीन दिवस द्या," नंदा म्हणाली. "लिहून देते."

तिनं पाचशे त्र्याऐंशी पत्ते लिहून दिले. पहिला अंक गेला, त्यातले एकोणीस परत आले. त्यातही बहुतेक माणसं घर बदलून गेलेली. अण्णांनी नवी वही छातीशी धरली आणि म्हणाले, "सरकारनं माझं डोकं तपासलं, तुझं तपासायला पाहिजे होतं." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नव्हतं.

ही सगळी हकिगत मेथी निवडून झाली तरी चालूच होती. सृष्टीनं लॅपटॉप उघडला. "आता किती आठवतात?"

"बघू. सोमवार आहे ना आज? मग लोणावळा."

नंदाबाईंनी डोळे मिटले. एकाहत्तरव्या वर्षी, पस्तीस वर्षं एकही पट्टी न लिहिता, त्यांनी त्या दुपारी एकशे बारा पत्ते सांगितले. कुठं आडनाव अडायचं, मग त्या मागच्या स्टेशनावर जाऊन पुन्हा सुरुवात करायच्या आणि ते आडनाव आपोआप यायचं. संध्याकाळी अक्षता घरी आली तेव्हा सासूबाई डोळे मिटून बोलताहेत आणि एक अनोळखी मुलगी भराभर टाइप करते आहे, हे पाहून ती दारातच थांबली.

"आई, काय चाललंय?"

"चिंचवड," नंदाबाई म्हणाल्या.

पुढच्या तीन आठवड्यांत यादी सहाशेच्या जवळ गेली. मग त्या दोघी निघाल्या. आधी शहरातले पत्ते. पहिल्या महिन्यात निराशाच जास्त पदरी पडली. कसबा पेठेतल्या चाळीच्या जागी सात मजली इमारत, तिथल्या वॉचमननं विचारलं, "फ्लॅट नंबर?" पर्वतीच्या पायथ्याशी एका घरी मुलानं सांगितलं, बाबा गेले तेव्हा सगळी रद्दी दिली. दांडेकर पुलाजवळच्या एका गृहस्थांनी दार अर्धवट उघडून म्हटलं, "'ऐरण'? त्यांनी माझं पत्र छापलं नव्हतं," आणि दार लावून घेतलं. सृष्टी खट्टू झाली. नंदाबाई जिना उतरताना हसत होत्या. "ते पत्र मी वाचलंय. अकरा पानांचं होतं."

पण मग सापडू लागले. स्वारगेटच्या मागे राहणाऱ्या एका निवृत्त एस.टी. मेकॅनिककडे माळ्यावर शहाऐंशी अंक मिळाले, ऑइलच्या डब्यांच्या खोक्यात. खडकीच्या एका सलूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले अंक मालकाच्या वडिलांनी वर्षावर्षाचे शिवून ठेवले होते. त्यावर केस चिकटलेले होते, पण पान एकही फाटलेलं नव्हतं. सृष्टी फोटो काढायची, नोंद करायची. अंक कुणी देऊ केले तर घ्यायचे, नाही तर तिथंच बसून स्कॅन करायचे, असं ठरलं होतं. घरोघरी चहा व्हायचा. लोक अण्णांचं विचारायचे, आणि मग नंदाबाईंना विचारायचे, "तुम्ही तिथं काय होता?"

"पत्ते," त्या म्हणायच्या.

दिवाळीनंतर त्या हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावी गेल्या. गाव म्हणजे आता दोन काचेच्या इमारतींच्या मधली एक गल्ली. सौरभ त्याच बाजूच्या एका कंपनीत कामाला असल्यानं सकाळी त्याच्या कंपनीच्या बसमधून त्यांना जाता आलं. तीस-बत्तीस तरुण मुलं कानात बोंडं घालून झोपलेली, आणि पुढच्या सीटवर या दोघी. पत्ता होता रंगराव साखरे यांचा. पिंपरीच्या एका इंजिनांच्या कारखान्यात ते टर्नर होते. सत्तरपासून शेवटच्या अंकापर्यंतचे वर्गणीदार.

रंगराव पंच्याऐंशीचे, ताठ, पांढरी टोपी घातलेले. तीन मजली घराच्या वरच्या दोन मजल्यांवर कॉम्प्युटरवाली पोरं भाड्यानं राहात होती. खाली अंगणात रंगराव आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई बसलेले. सृष्टीनं 'ऐरण'चं नाव काढलं, तसे रंगराव उठले आणि आत गेले. गोदाबाई म्हणाल्या, "बसा. आता निघतंय सगळं बाह्यर."

धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले अंक निघाले. तीनशेच्या वर. रंगरावांनी अंकांवरच्या पट्ट्यासुद्धा टाकलेल्या नव्हत्या. त्या वेगळ्या दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या.

"ह्या कशाला ठेवल्या?" सृष्टीनं विचारलं.

"अक्षर लई झोकात हाय," रंगराव म्हणाले. "माझं नाव असं कुणी लिवलंच न्हाई कधी. कारखान्यात नुसता नंबर व्हता. मी हिला म्हणायचो, तिथला कारकून लई शिकल्याला दिसतोय."

सृष्टीनं नंदाबाईंकडे बोट दाखवलं. रंगराव बघत राहिले. मग त्यांनी आतून नातवाची वही आणि पेन आणलं आणि ते नंदाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. नंदाबाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं: श्री. रंगराव साखरे, आणि खाली गाव, पोस्ट, तालुका मुळशी. रंगरावांनी जुनी पट्टी शेजारी धरली.

"तेच हाय," ते बायकोला म्हणाले. "कारकून ह्याच हायेत."

गोदाबाईंनी नंदाबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि चहा टाकायला उठेपर्यंत सोडला नाही.

सृष्टी तोवर अंक चाळू लागली होती आणि एकेक पान उलटताना तिचा चेहरा बदलत होता. रंगरावांनी प्रत्येक अंकाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं. 'मोर्चात पाचशे माणसं' या बातमीशेजारी 'मी होतो. दोनशे.' एका अग्रलेखाखाली 'समजलं नाही. पुन्हा वाचायचं.' एका ठिकाणी नुसतं 'खोटं', आणि दुसऱ्या ठिकाणी 'अण्णा, हे बरोबर बोललात.' ग्रंथालयात मिळालेल्या पाचशे अकरा अंकांत वाचणारा माणूस कुठंच नव्हता. तो इथं बसला होता.

ऑगस्ट १९७८चा अंक आला, तसा नंदाबाईंनी तो सृष्टीच्या हातातून घेतला.

त्या वर्षी नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नंदाची आत्या परभणीकडच्या एका खेड्यात होती. तिचं घर जळलं, शेळ्या जळल्या, ती पुतण्याच्या खांद्यावर बसून ओढ्यापलीकडे गेली. गुरुवारी 'ऐरण'चा अंक वर आला तेव्हा त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत होती. पहिल्या पानावर एका गिरणीच्या संपाचा मोठा लेख. नंदानं घड्या घातल्या, पट्ट्या लावल्या आणि पेन खाली ठेवलं.

"नंदाबाई, अंक उद्या जायचाय," अण्णा म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"चार ओळींत आमची माणसं जळलीत. ह्या अंकावर मी पत्ते लिहीत नाही."

अण्णा समजावू लागले. हा शेवटी वर्गाचाच प्रश्न आहे, असं बरंच काही ते बोलले. नंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल अण्णा. पण घर माझ्या आत्याचं गेलंय, आणि ज्यांनी जाळलं तेही गरीबच होते. ते तुम्ही कुठं बसवणार?"

अण्णा खुर्चीवरून उठले. मग खाली छापखान्यात जाऊन त्यांनी पहिलं पान मोडून नव्यानं जुळवायला सांगितलं. परत येऊन नंदासमोर बसले आणि म्हणाले, "सांग. मी लिहून घेतो." आत्याची सगळी हकिगत तिनं सांगितली, त्यांनी शब्द न बदलता लिहिली. तुझं नाव टाकू का, असं विचारलं. ती म्हणाली, टाका. अंक दोन दिवस उशिरा गेला. पुढच्या महिन्यात चाळीसएक वर्गणीदार गळाले. तिच्या वाट्याची प्रत तिनं आत्याला पाठवली आणि ती पुढं कुठंतरी गेली. स्वतःचं छापलेलं नाव नंदाबाईंनी सत्तेचाळीस वर्षांत पुन्हा पाहिलं नव्हतं.

आता ते समोर होतं. त्यांनी मजकूर सावकाश वाचला. मग त्यांची नजर समासावर गेली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'हे पहिल्या पानावर कशाला?' आणि त्याच्या खाली, निळ्या शाईनं, वेगळ्या वेळी लिहिलेलं: 'बरोबर केलं.'

रंगरावांच्या ते लक्षात आलं. ते चुळबुळले. "तवा मला तसंच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "आमच्या गावात तसंच बोलत व्हते समदे. अंक ठेवून दिला. मग दिवाळीला फिरून वाचला. त्यात ते शेळीचं हाय ना, दोरी सोडाय गेल्या आन् हात भाजला... ते वाचलं आन् मला झोप लागंना." त्यांनी खिशातून खोडरबर काढावं तसा हात पुढं केला. "ते वरचं खोडून टाकतो मी. पोरगी फोटू काढणार हाय."

नंदाबाईंनी अंक आपल्याकडेच ठेवला. "खोडू नका. दोन्ही राहू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, एक माणूस वाचून बदलला. अण्णांना एवढं कळलं असतं तरी ते आठवडाभर खूश राहिले असते."

रंगरावांनी हात मागं घेतला. थोड्या वेळानं त्यांनी गोदाबाईंना सांगितलं, ह्यास्नी जेवल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. वरच्या मजल्यावर राहणारी दोन पोरं जिन्यावरून उतरता उतरता थांबली आणि एवढे जुने पेपर कशाचे, म्हणून विचारू लागली. त्यातला एक मुलगा अंक चाळत फार वेळ बसला. त्याच्या कंपनीतून गेल्याच महिन्यात साठ जणांना एका ईमेलवर काढलं होतं. तो कामगार कपातीचा १९८२ सालचा एक लेख मोबाइलमध्ये टिपून घेऊन गेला.

निघताना रंगराव म्हणाले, "सगळे न्या. पर पट्ट्या माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

फेब्रुवारीपर्यंत आकडा नऊशे तेरावर गेला. सृष्टीच्या गाइडनी विद्यापीठात एक छोटं प्रदर्शन ठेवलं. काचेच्या पेट्यांत अंक, भिंतीवर अण्णांचा फोटो, आणि एका बाजूला रंगरावांच्या समासातल्या नोंदी मोठ्या करून लावलेल्या. नंदाबाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी निळी इरकल नेसली होती. अक्षता आणि सौरभ पुढच्या रांगेत बसले होते.

"अण्णांनी अंक लिहिला," त्या म्हणाल्या. "छापखान्यानं छापला. पोस्टमननं पोचवला. ह्या सगळ्यांनी वाचला. मधलं काम माझं होतं, आणि ते मला आवडायचं." आणि त्या खाली बसल्या. टाळ्या जरा उशिरानं सुरू झाल्या, कारण भाषण संपलं हे कुणाला कळलंच नव्हतं.

बाहेर पोर्चमध्ये चहा चालू असताना सृष्टीनं त्यांना गाठलं. तिला प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता आणि अजून पस्तीस अंक मिळाले नव्हते. नाही मिळाले तरी चालेल, असं गाइड म्हणाले होते.

"तुला चालेल का?" नंदाबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग सोलापूरची वाट आपण अजून नीट केलेलीच नाही. दौंड झालं, कुर्डुवाडी झालं. बार्शीला मुक्ताबाई म्हणून एक बिडी कामगार होत्या. अंक स्वतःच्या नावानं घ्यायच्या, नवऱ्याच्या नाही. अशा तीनच बायका होत्या यादीत. त्यांच्या घरी कुणी तरी असेल."

"कधी जायचं?"

"बुधवारी," नंदाबाई म्हणाल्या. "सोलापूर बुधवारीच असायचं."

अक्षतानं मोबाइलवर गाडीची वेळ बघितली आणि सासूबाईंना सांगितलं की या खेपेला तीही रजा घेऊन येणार आहे. नंदाबाईंनी तिला चहाचा दुसरा कप आणून दिला आणि डब्यासाठी कुणी काय करायचं, ते ठरवायला तिघी तिथंच पायरीवर बसल्या.